बहात्तरचा हिशेब

साल सरलं की कवितेचे हिशेब निघतात : एवढे संग्रह, एवढी संमेलनं, एवढे पुरस्कार. मी म्हणतो, दोस्तहो, एकदा १९७२ चा हिशेब काढा.

महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आणि नामदेव ढसाळचा 'गोलपिठा' आला. कामाठीपुऱ्याची बोली पांढरपेशा कवितेच्या छाताडावर येऊन बसली. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. त्या सालचा साहित्य अकादमी पुरस्कार गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'ला मिळाला. वारल्यांच्या लढ्याचं पुस्तक, त्याबद्दल आपली तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. ढसाळच्या एकाही संग्रहाला अकादमीचा वार्षिक पुरस्कार कधी मिळाला नाही. १९९९ ला पद्मश्री झाली, २००४ ला अकादमीचा जीवनगौरव. बत्तीस वर्षांनी! संग्रहाला पुरस्कार द्यायचा तर त्यातली शिवीसुद्धा आपली म्हणावी लागते. जीवनगौरवाला शाल पुरते.

आणि आमची पोरं? पदरमोड करून पुस्तक काढतात न् पहिल्या प्रती पुरस्कार समितीला धाडतात. अरे, त्यातल्या दोन वस्तीच्या वाचनालयात टाका की. तिथं निदान कुणीतरी उघडून बघतं.