मोबाइल चालतो, मग टेबलावरचा डबा का नाही?

परवा आमच्या स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "पोरांना आता मोबाइल पुरेना. गेम खेळायला डेस्कटॉप पाहिजे म्हणे. किती लाड करायचे?" सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण हा हट्ट धरणाऱ्यांत माझा धाकटाही आहे. दोन महिने झाले, "अब्बा, नवा फोन नको, डेस्कटॉप घ्या" हेच चालू आहे.

माझा प्रश्न साधा आहे. पोरांच्या हातात फोन देताना कुणी लाडाचा हिशोब केला होता? लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन वर्गासाठी म्हणून आपण हप्त्यावर फोन घेतले. वर्ग दोन तास, पब्जी सहा तास. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जीवर बंदी आली, पोरं फ्री फायरवर गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेही बंद. मधल्या काळात पब्जीच भारतीय नाव घेऊन आला, २०२२ मध्ये स्टोअरमधून निघाला आणि २०२३ मध्ये परत आला. प्रत्येक बंदीला आपण माना डोलावल्या. खेळ काही थांबला नाही, तो रजईत गेला.

डेस्कटॉप रजईत नेता येत नाही. तो बैठकीच्या खोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. पोरगं काय खेळतंय, कुणाशी बोलतंय, किती वाजलेत, हे येता-जाता आईला दिसतं. मला एवढं एकच कारण पुरलं असतं.

पण पोरांची कारणं वेगळी आहेत आणि तीही ऐकण्यासारखी आहेत. फोन अर्ध्या तासात तापतो. तापला की तो स्वतःच आपला वेग कमी करतो आणि ऐन लढाईत चित्र अडखळतं. पातळ लॅपटॉपचंही तेच, एवढ्याशा जागेत पंखा तरी किती मोठा बसणार? डेस्कटॉपच्या डब्यात हवा खेळायला जागा असते. शिवाय माउसने नेम धरणं आणि अंगठ्याने काच घासणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, असं धाकट्याने मला करून दाखवलं. (मी तीनदा मेलो.)

खरा मुद्दा दुरुस्तीचा आहे, आणि तो मालेगावच्या माणसाला मी समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे यंत्रमाग बिघडला म्हणून कुणी भंगारात टाकतं का? झिजलेला भाग बदलतो आणि तोच माग वर्षानुवर्षं चालवतो. डेस्कटॉप त्याच जातीचा आहे. रॅम कमी पडली, वाढवा. ग्राफिक्स कार्ड जुनं झालं, तेवढंच बदला. २०१७ च्या कित्येक मदरबोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा प्रोसेसर चालतो. फोनचं काय? बॅटरी फुगली की दुकानदार नवा फोन पुढे करतो. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत तर रॅमही बोर्डावर डाग देऊनच बसवलेली असते.

स्वस्त आहे असं मी म्हणणार नाही. ग्राफिक्स कार्डाची किंमत ऐकून मी दुकानातल्या स्टुलावर बसलो होतो, आणि एआयच्या डेटा सेंटरांमुळे रॅमचेही भाव चढलेत. पण व्हॅलोरंटसारखा फुकटचा खेळ साध्या मशीनवरही चालतो. सेकंडहँड घेतलं तरी भागतं. पैसे उकळण्याचे धंदे पीसीवर नाहीत असंही नाही, काउंटर-स्ट्राइकमध्ये बंदुकांच्या रंगांसाठी बंद पेट्या विकतातच. त्या पेटीत काय निघेल ते नशिबावर, म्हणजे हा जुगारच झाला. तो फोनवर जितका वाईट तितकाच इथेही, आणि घरात सांगायचं ते हे. सरसकट "गेम वाईट" म्हणून हात झटकले की पोरगं आपलं ऐकणं सोडतं, जुगार सोडत नाही.

सहकाऱ्यांना मी विचारलं, "तुमच्या मुलाचा फोन केवढ्याचा?" आकडा ऐकला. तेवढ्यात सेकंडहँड डेस्कटॉप, मॉनिटर, कीबोर्ड सगळं आलं असतं, आणि त्याच कीबोर्डवर पोरगं मराठी-उर्दू टायपिंगही शिकलं असतं. ते म्हणाले, "सर, पण फोन तर सगळ्यांकडे असतो ना."

धाकट्याला मी रविवारी दुकानात नेणार आहे. डबा कुठे ठेवायचा ते मात्र त्याच्या अम्मीने आधीच ठरवलंय. स्वयंपाकघराच्या दारासमोर.