फ्लश फिट हवंय? रीलमधला ईटी आकडा साकोलीच्या रस्त्यावर चालेलच असं नाही

रीलमध्ये गाडी हळूच थांबते, कॅमेरा मागच्या चाकावर जातो. टायर मडगार्डच्या कडेला अगदी रेषेत, ना आत ना बाहेर. यालाच म्हणतात 'फ्लश फिट'. जपानमध्ये यासाठी खास शब्दच आहे, 'त्सुराइची'. रीलच्या खाली पहिली कमेंट ठरलेली: 'भाऊ, स्पेक्स सांग ना.' उत्तर येतं '७ जे, ईटी ३५'. आणि तेवढ्या दोन आकड्यांवर कोणीतरी हजारो रुपयांचे अलॉय बुक करतो.

हे दोन आकडे म्हणजे नेमकं काय, ते आधी बघू.

'जे'च्या आधीचा आकडा म्हणजे रिमची रुंदी, इंचांत. ईटी म्हणजे ऑफसेट, मिलिमीटरमध्ये. रिमच्या रुंदीच्या बरोबर मधोमध एक रेषा काढा. रिम हबला जिथे टेकते ती जागा या रेषेपासून किती बाहेरच्या बाजूला आहे, ते ईटी सांगतो. ईटी जास्त असेल तर चाक आत बसतं, कमी असेल तर बाहेर येतं. साकोलीकडच्या धानवाल्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची डिस्क उलटी बसवली की दोन चाकांमधलं अंतर बदलतं, हे त्याला पाठ असतं. तो ऑफसेटच बदलत असतो, फक्त त्याला ईटी म्हणत नाही.

आता हिशेब. समजा तुमच्या गाडीचं मूळ रिम ५.५ जे, ईटी ४५ आहे. (तुमचा आकडा रिमच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो, तो बघा.) इंचाला २५.४ ने गुणा, अर्धं करा आणि त्यातून ईटी वजा करा. ५.५ इंचांचं अर्धं ६९.८५ मिमी, त्यातून ४५ गेले की उरले साधारण २५. म्हणजे हबपासून रिमची बाहेरची कड २५ मिमीवर. रीलमधल्या ७ जे, ईटी ३५ साठी हेच उत्तर ५४ येतं. म्हणजे कड एकदम २९ मिमी बाहेर. आतल्या बाजूसाठी वजाबाकीऐवजी बेरीज करायची. तिथे रिम ९ मिमी आत, शॉकअपच्या दिशेने सरकते. दोन्हीकडून जागा खाल्ली गेली.

त्याऐवजी ६.५ जे, ईटी ४० घेतलं तर? बाहेर साधारण १८ मिमी, आत ८ मिमी. रीलमध्ये हे फार भारी दिसणार नाही. पण गाडी चालवायची असेल तर हाच आकडा कामाचा.

बाहेर किती जागा आहे हे मोजायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. गाडी सपाट जागी उभी करा, मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि दोरी ते टायरचा फुगवटा हे अंतर मोजा. रिमची कड जितकी सरकते तितका फुगवटा सरकत नाही, पण टायरही रुंद घेतलात तर तो हिशेब त्यात धरा. मग मागच्या सीटवर तीन माणसं बसवा, डिकी भरा आणि परत बघा. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, कारण घासायला सुरुवात बहुतेक तिथूनच होते.

रस्त्याचा मुद्दा इथेच येतो. साकोली राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आहे, आणि महामार्गावर रिकामी गाडी काहीही सहन करते. पण रोवणीच्या दिवसांत आतल्या गावांकडे वळा. ट्रॅक्टरने आणलेला चिखल, पट्टे नसलेले स्पीडब्रेकर, पाण्याखालचा खड्डा. शॉकअप पूर्ण दबला की उभ्या गाडीवर मोजलेली जागा संपते आणि मडगार्डची कड टायर कापते. बाहेर आलेलं चाक बेअरिंगवर जास्त जोर टाकतं आणि खड्ड्यात स्टिअरिंग हातातून ओढतं. वर मागच्या बाइकवाल्याच्या तोंडावर गिट्टी उडते, त्याचा तर यात काहीच दोष नाही.

टायरचंही बघून घ्या. १८५/६५ आर१५ साठी रिम साधारण ५ ते ६.५ जे चालतं. ७ जे वर तो ताणून बसवणं म्हणजे रीलसाठी टायरशी खेळणं. १६ इंची रिमवर जायचं तर १९५/५५ आर१६ ची उंची जवळपास तितकीच, ६२१ मिमी. पण लोड इंडेक्स वाचा. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५. मूळपेक्षा कमी घेऊ नका, लग्नाला पाच जण आणि सामान घेऊन जाणारी गाडी तुमचीच असते.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ (४) मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये कन्नूरला 'ई बुल जेट' या यूट्यूब चॅनलची मॉडिफाय केलेली व्हॅन तिथल्या परिवहन विभागाने ताब्यात घेतली होती. लाखो फॉलोअर्स असून उपयोग झाला नाही.

कोणी म्हणेल, एमएच ३६ च्या गाडीचा ऑफसेट कोण मोजतंय? खरंय, काळी फिल्म आणि सायलेन्सर आधी दिसतात. पण माझ्या मते खरी भीती चौकातल्या पोलिसाची नाही, अपघातानंतर येणाऱ्या विमा सर्व्हेअरची आहे. मडगार्डबाहेर आलेलं चाक त्याला लगेच दिसतं आणि न कळवलेला बदल क्लेम अडकवायला पुरेसा असतो. म्हणून सगळ्यात सोपी वाट म्हणजे तुमच्याच मॉडेलच्या टॉप व्हेरिएंटला कंपनी जे रिम-टायर देते, ते. त्यापुढे जायचं असेल तर विमा कंपनीला आधी लेखी कळवा.

स्वस्तातला स्पेसर टाकून तेच काम होतं, असं दुकानदार म्हणेल. ५ मिमीच्या स्पेसरने ईटी ५ ने कमी होतो, हे बरोबर. पण बोल्टवर नटाची पकडही तेवढीच कमी होते, हे तो सांगतोच असं नाही. त्याला पीसीडी आणि सेंटर बोअरही विचारा. बोअर मोठा असेल तर हबसेंट्रिक रिंग लागेल, नाहीतर ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं.

आणि चाकं नागपुरात बसवलीत तर घरी पोचल्यावर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्या. नवीन रिमचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर एकदा बघायचे असतात, आणि नागपूर ते साकोली साधारण तेवढंच आहे.