आंबट झाले म्हणून औषध होत नाही

चहा आणि बिअर एकत्र करून पितात, असे कोणी सांगितले तर आपल्याकडच्या चहाटपरीवर हशा पिकेल. पण असे पेय निघाले आहे. बेल्जियम देशात ब्रुसेल्स शहराच्या आसपास 'लॅम्बिक' नावाची आंबट बिअर फार पूर्वीपासून होते. तिच्यात 'कोंबुचा' म्हणजे आंबवलेला चहा मिसळून काही वर्षांपूर्वी 'लॅम्ब्रुचा' नावाचे पेय बाजारात आले. त्यात मद्य सुमारे साडेतीन टक्के. आपल्या पुण्यातही ग्रेट स्टेट एलवर्क्स या कारखान्याने कोकम आणि मीठ घातलेली बिअर काढली आहे, आणि नुसता कोंबुचा तर मोठ्या शहरांत दुकानांतून व घरपोचही मिळतो.

मग भंडारेकरांनी याची चर्चा का करावी? कारण आपली मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्या-मुंबईत आहेत. सणासुदीला ती घरी येतात आणि सोबत नवे शब्दही आणतात. 'बाबा, ही दारू नव्हे, ही आंबवलेली आहे, पोटाला चांगली असते', हे वाक्य आज ना उद्या आपल्या घरात ऐकू येणारच. दारू पिऊ नये हे ज्याला पटलेले आहे, त्यालाही 'आरोग्यदायी' या शब्दापुढे उत्तर सुचत नाही. ते उत्तर आधीच तयार असावे, म्हणून हा लेख.

आपण मुद्दा नीट समजून घेऊ. अशा बाटलीत तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली आंबटपणा, दुसरी जिवंत जंतू आणि तिसरी मद्य. गुणगान होते ते पहिल्या दोन गोष्टींचे, आणि त्यांच्या आडून पोटात जाते ती तिसरी. म्हणून प्रत्येकीचा हिशेब वेगळा मांडला पाहिजे.

आंबते म्हणजे काय होते?

साखरेच्या गोड चहात जेलीसारखी एक जाड साय टाकून आठवडा-दोन आठवडे झाकून ठेवली की कोंबुचा तयार होतो. त्या सायीत दोन प्रकारचे सूक्ष्म जीव एकत्र नांदतात. यीस्ट साखर खाऊन मद्य तयार करते आणि काही जिवाणू त्या मद्याचे आम्ल करतात. हे तेच आम्ल, जे व्हिनेगरमध्ये असते. म्हणजे नुसत्या कोंबुच्यातही थोडे मद्य राहतेच. साधारणपणे ते अर्ध्या टक्क्याच्या आत असते, पण बाटलीत साखर आणि यीस्ट शिल्लक असेल तर ते वाढत जाते. २०१० साली अमेरिकेत काही मोठ्या दुकानांनी कोंबुच्याच्या बाटल्या याच कारणाने फळीवरून काढून घेतल्या होत्या. आपल्या देशात अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार अर्ध्या टक्क्याहून अधिक मद्य असलेले पेय हे मद्यच मानले जाते.

लॅम्बिक बिअरची कृतीही ऐकण्यासारखी आहे. गहू आणि जवाचा काढा रात्रभर उघड्या, पसरट भांड्यात थंड होऊ देतात. हवेतले यीस्ट आणि जिवाणू त्यात आपोआप उतरतात आणि मग लाकडी पिंपात तो एक ते तीन वर्षे मुरतो. आपल्या भागातील वाचकाला यात नवल वाटू नये. पोलीस ज्या मोहसडव्याचे ड्रम पकडून नष्ट करतात, त्यातही काम करणारा जीव यीस्टच. नाव बेल्जियमचे असो की गावचे, यीस्टने साखर खाल्ली की मद्य होणार. फरक पुढच्या प्रक्रियेत आणि बाटलीवरच्या चित्रात.

'जिवंत जंतू' किती?

दह्या-ताकातले जिवाणू आतड्याला उपयोगी पडतात, हे खरे आहे. परंतु त्यासाठी ते पोटात जिवंत पोचले पाहिजेत. हल्लीच्या अनेक आंबट बिअर झटपट पद्धतीने होतात. आधी काढा जिवाणूंकडून आंबट करून घेतात आणि नंतर तो उकळतात. उकळल्यावर ते जिवाणू मरतात, उरतो तो फक्त आंबटपणा. अशा बिअरला 'पोटाचे औषध' म्हणणे म्हणजे उकळलेल्या ताकाला विरजण म्हणण्यासारखे आहे.

बिअरमध्ये कच्चा कोंबुचा नंतर मिसळला तर त्यातले काही जीव जिवंत राहू शकतात, हेही मान्य करू. पण कोंबुच्याचे फायदे तरी किती सिद्ध झाले आहेत? माणसांवरचे अभ्यास अजून फारच थोडे आहेत. २०२३ साली अमेरिकेत मधुमेहाच्या बारा रुग्णांना घेऊन एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चार आठवडे कोंबुचा घेतल्यावर उपाशीपोटीची साखर कमी झाल्याचे दिसले. ही गोष्ट पुढे तपासून पाहण्याजोगी आहे, पण बारा माणसांवरून कोणी औषधाची गोळी बदलू नये. शिवाय तो अभ्यास नुसत्या कोंबुच्याचा होता, बिअर मिसळलेल्या कोंबुच्याचा नव्हे.

मद्याचा हिशेब

आता तिसरी गोष्ट. 'बिअर म्हणजे हलकी, खरी दारू म्हणजे व्हिस्की', ही समजूत घरोघरी आहे. वाचकांनी कागद-पेन घेऊन बसावे. ६५० मिलीलिटरच्या बाटलीत ५ टक्के बिअर असेल तर त्यात शुद्ध मद्य होते साडेबत्तीस मिलीलिटर. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलीलिटरचा मोठा पेग घेतला तर त्यात मद्य होते पावणेसव्वीस मिलीलिटरच्या आसपास. म्हणजे 'हलक्या' बिअरची एक मोठी बाटली मोठ्या पेगपेक्षा भारी पडते! आणि भारतात अधिक खपते ती स्ट्राँग बिअर. ती ८ टक्क्यांची असेल तर एका बाटलीत ५२ मिलीलिटर, म्हणजे बरोबर दोन मोठे पेग.

साडेतीन टक्क्यांची चहा-बिअर यापेक्षा सौम्य आहे, हे उघड आहे. ३३० मिलीलिटरच्या बाटलीत साडेअकरा मिलीलिटर मद्य होते. पण आंबट-गोड, फसफसणारे पेय सरबतासारखे घशाखाली उतरते. कडू चव माणसाला जिथे थांबवते, तिथे ही चव थांबवत नाही. तीन बाटल्या झाल्या की हिशेब साडेचौतीसवर जातो. यकृत लेबल वाचत नाही, ते मिलीलिटर मोजते.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले, की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोग घडवणारा पदार्थ ठरवले आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन, या सर्व ठिकाणी धोका वाढतो. आपल्या विदर्भात याला खर्ऱ्याची जोड आहे. खर्रा आणि दारू एकत्र आले की तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो.

आणखी एक युक्तिवाद हमखास येतो: 'आयुर्वेदातही आसव-अरिष्टे आहेतच की!' आहेत. त्यांत आंबवण्याच्या क्रियेतून तयार झालेले मद्य असते आणि तसे बाटलीवर छापलेलेही असते. पण द्राक्षारिष्ट चमच्याने मोजून, पाण्यात मिसळून, ठराविक दिवस घेतात. वीस मिलीलिटर मात्रेत १० टक्के मद्य धरले तरी ते भरते दोन मिलीलिटर. बिअरच्या मोठ्या बाटलीत त्याच्या सोळापट. वैद्याच्या चमच्याचा दाखला देऊन बाटली रिकामी करता येत नाही.

यांनी तर मुळीच नको

पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. मद्याने लघवीचे प्रमाण वाढते, शरीरातील पाणी कमी होते, आणि पाणी कमी झाले की असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. सिकलसेलच्या रुग्णाने 'सौम्य' या शब्दावर विसंबू नये. क्षयरोगाचे औषध चालू असलेल्यांनीही दूर राहावे, कारण त्या गोळ्यांचा भार आधीच यकृतावर असतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर मद्याने धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते, आणि तोल गेलेला माणूस 'प्यायलेला' समजून तसाच पडू दिला जातो. गरोदर स्त्रीने मद्याचा थेंबही घेऊ नये. आणि ज्याची दारू महत्प्रयासाने सुटली आहे, त्याच्या हातात 'ही दारू नव्हे' म्हणून असली बाटली देणे हा तर त्याचा घात आहे.

घरी कोंबुचा करणाऱ्यांसाठी

मद्य नसलेला, नुसता कोंबुचा घरी करून पाहण्याची हौस काहींना असते. त्याला आमचा विरोध नाही, पण भांडे कोणते वापरता ते पाहा. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका जोडप्याला कोंबुच्यातून शिशाची विषबाधा झाल्याची नोंद आहे. कोंबुचा ज्या चिनी मातीच्या भांड्यात मुरवत होते, त्याच्या झिलईतले शिसे आम्लात उतरले होते. आपला जिल्हा पितळी भांड्यांसाठी नावाजलेला. कल्हई नसलेल्या पितळेत आपण ताक ठेवत नाही, तर त्याहून आंबट कोंबुचा ठेवूच नये. काचेची स्वच्छ बरणीच वापरावी. बुरशी दिसली तर सगळे फेकून द्यावे. १९९५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात कोंबुचा पिणाऱ्या दोन स्त्रियांच्या रक्तात आम्ल धोकादायक वाढले आणि त्यांतील एक दगावली. कारण कोंबुचाच होता असे सिद्ध झाले नाही, तरी 'नैसर्गिक आहे, कितीही प्या' असे म्हणणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवावी. आम्लपित्ताचा त्रास असलेल्यांना आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांना तो न घेणेच बरे.

आपले आंबट आपल्या घरी

पोटासाठी आंबवलेलेच हवे असेल तर ते आपल्या चुलीपाशी आहे. ज्वारीचे पीठ रात्री भिजवून आंबवावे, सकाळी शिजवून पातळ आंबील करावी, त्यात मीठ, जिरे आणि ठेचलेला लसूण घालावा. आंबवल्याने धान्यातील लोह व इतर क्षार शरीराला अधिक मिळतात. शिजवताना जिवाणू मरतात, हा नियम आंबिलीलाही लागू आहेच. म्हणून ती निवल्यावर वरून ताजे ताक घालावे, म्हणजे जिवंत जिवाणूही मिळतात. वैशाखाच्या उन्हात धानाच्या बांधीवर किंवा तेंदूपानाच्या फळीवर राबणाऱ्या माणसाला पाणी, मीठ आणि पीठ एकाच वाडग्यात मिळते. बिअर मात्र तहान भागवल्याचा भास करून शरीरातले पाणी बाहेर काढते. आंबिलीची किंमत चार-दोन रुपये, आणि ती प्यायल्यावर दुचाकी चालवताना कोणाला भिण्याचे कारण नाही.

या पेयावर बंदी घाला, अशी आमची मागणी नाही. सज्ञान माणसाने काय प्यावे हा त्याचा आणि कायद्याचा प्रश्न आहे. आमचे म्हणणे एवढेच, की दारूला दारू म्हणा. आपल्या देशाच्या नियमांनी मद्याच्या लेबलवर आरोग्याचा दावा करायला मनाई केली आहे, म्हणूनच तो दावा आता मित्रांच्या गप्पांतून आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून फिरतो. आपल्या राज्यात गावोगावच्या बायकांनी आडव्या बाटलीसाठी मतदान करून दुकाने बंद पाडली आहेत. दुकानातली दारू त्यांना दिसत होती, म्हणून त्या तिच्याशी लढू शकल्या. औषधाच्या नावाने घरात शिरलेली दारू कोणाला दिसणार?

म्हणून पुढच्या वेळी मुलाने अशी बाटली पुढे केली तर रागावू नका. ती हातात घ्या, टक्के वाचा, मिलीलिटर वाचा आणि दोघांनी मिळून गुणाकार करा. उत्तर आल्यावर 'ही पोटाला चांगली' असे म्हणायला तोही कचरेल.