रुग्णालयाची चोपडी

एका वाचकांनीं आम्हांस विचारलें आहे, "आमची सून अमेरिकेंत कम्युनिटी कॉलेजांत रुग्णालय-व्यवस्थापनाचा अभ्यास करूं म्हणते. दोन वर्षें घालवून अखेर कारकुनीच ना?" हा प्रश्न पुष्कळ घरांत निघत असेल, म्हणून त्याचा विचार येथें करितों.

हीं कॉलेजें करांतून मिळणाऱ्या मदतीवर चालणारीं सार्वजनिक विद्यालयें होत. आज चालू असलेल्यांपैकीं सर्वांत जुनें, इलिनॉय संस्थानांतील जोलिएटचें, १९०१ सालीं निघालें. तेथील रहिवाशांस फी विद्यापीठापेक्षां बरीच कमी पडते. दोन वर्षांनीं 'असोशिएट' पदवी मिळते आणि विषय जुळल्यास तो अभ्यास पुढें चार वर्षांच्या पदवींत धरतात. मुख्य व्यवस्थापकाच्या जागेस मात्र त्याहून वरच्या पदव्या लागतात.

अभ्यासांत शरीररचना, रुग्णांच्या नोंदी, विम्याचीं बिलें आणि रुग्णाची माहिती गुप्त राखण्याविषयींचा १९९६ चा कायदा, इतकें येतें. वैद्यकीय परिभाषा तर संस्कृत शिकलेल्यांस समासविग्रहासारखी वाटेल. 'हेपॅटायटिस' म्हणजे यकृताचा दाह. त्यांतील ग्रीक 'हेपार' आणि आपलें 'यकृत्' हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत.

सर्वांत किचकट भाग रोगांच्या संकेतांचा. १ ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेंत वर्गीकरणाची दहावी आवृत्ति लागू झाली, तेव्हां सुमारे चौदा हजार संकेतांचे अडुसष्ट हजारांवर झाले. हाड उजव्या हाताचें मोडलें कीं डाव्या, रुग्ण प्रथम आला कीं पुन्हां, हेंही संकेतांत येतें. संकेत चुकला तर विमा कंपनी पैसे नाकारते आणि बिल रुग्णाच्या दारीं येतें. एखाद्या औषधाचें वावडें नोंदवावयाचें राहिलें, तर प्रसंग जिवावर बेततो.

क्रिमियाच्या युद्धाहून परतल्यावर नाइटिंगेलबाईंनीं नोंदींचे आंकडे मांडून दाखविलें कीं, सैनिक जखमांपेक्षां रोगांनींच अधिक मेले. त्यांच्या दिव्याची आठवण सर्वांस आहे, या आंकड्यांची थोड्यांस. अशा कामास कारकुनी म्हणून नाक मुरडण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

तथापि दोन गोष्टी आधीं पाहाव्या. नोंदींच्या कामाची 'आर. एच. आय. टी.' ही परीक्षा द्यावयाची, तर अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असावा लागतो. तशी चौकशी प्रवेशापूर्वींच करावी. दुसरें असें कीं, पतीच्या नोकरीमुळें तेथें राहणाऱ्या स्त्रीस शिकण्याची मोकळीक असली, तरी नोकरीची परवानगी प्रत्येकीस मिळतेच असें नाहीं.

एवढें पाहून सुनेनें पाऊल उचललें, तर वडील मंडळींनीं आशीर्वाद द्यावा. घरांतील दुखण्याच्या वेळीं औषधाची वेळ, मात्रा आणि पथ्य ध्यानांत ठेवणारें माणूस किती मोलाचें असतें, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.