काटा आणि वाटी

जगात जेवणाऱ्या माणसांचे दोन वर्ग आहेत. भूक लागली की जेवणारे आणि आकडा बसला की जेवणारे. आमचा मुळशी तालुका असा भाग्यवान, की त्यात हे दोन्ही वर्ग सुखानं नांदतात. तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडी. तिथं काचेच्या इमारतींत बसून लोक साता समुद्रापलीकडचे हिशेब करतात आणि दुपारी डब्यातला भात ग्रॅमवर खातात. पश्चिम टोकाला ताम्हिणी. तिकडं जुनी माणसं अजून भात पायलीनं सांगतात आणि पोट भरेपर्यंत खातात. आम्ही पौडकर मध्ये. त्यामुळं दोन्हीकडचे पाहुणे आमच्याच घरी जेवायला येतात आणि हे भांडण आमच्याच ओट्यावर होतं: अन्न तोलावं की मापावं? काटा की वाटी?

मी वाटीच्या बाजूचा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण निःपक्षपाती माणसाला आपल्याकडं कुणी जेवायला बोलावत नाही.

दुसरी बाजू आहे आमच्या भाच्याची. हिंजवडीत नोकरीला आहे, रविवारी जेवायला येतो. येताना पिशवीतून वजनकाटा आणतो. पोळपाटाएवढा, काचेचा, पातळ. त्यावर ताट ठेवायचं, एक बटण दाबायचं, की ताटाचं वजन नाहीसं होऊन शून्य दिसतं. मग एकेक पदार्थ वाढून घ्यायचा, आकडा बघायचा आणि तो फोनमधल्या वहीत लिहायचा. हे सगळं होईपर्यंत आमटी निवते. निवलेल्या आमटीच्या कॅलरी कमी होत नाहीत, एवढं त्यानंच मला समजावून सांगितलं आहे.

पहिल्या रविवारी त्यानं जाहीर केलं, "मामी, भाकरी सत्त्याऐंशी ग्रॅम."

"कमी पडली का?" मामी म्हणाली आणि तव्यावरची दुसरी उचलून त्याच्या ताटात टाकली. काट्यावरचा आकडा दुप्पट झाला. भाचा हताशपणे माझ्याकडं बघू लागला. मामीचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडं जेवताना कुणी आकडा सांगितला, तर त्याचा अर्थ एकच होतो.

तोलण्याला माझा सरसकट विरोध आहे असं नाही. तोलणं ही आपली जुनी परंपराच आहे. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली. अलीकडच्या काळात पुढाऱ्यांच्या पेढेतुला नि लाडूतुला होतात. पण नीट बघा, या सगळ्या तुलांत तोलला जातो तो माणूस, आणि पेढे असतात ते त्याच्या सन्मानासाठी. भाच्याच्या काट्यावर पेढा तोलला जातो आणि अपमान दोघांचाही होतो.

मापाचं तसं नाही. माप घरातलं आहे. नवी नवरी घरात येते ती तांदळाचं माप ओलांडून. उंबऱ्यावर वजनकाटा ठेवून, बटण दाबून, "शून्य आलं, आता आत ये" असं कुठल्याही सासूनं अजून म्हटलेलं नाही. चिपटं म्हणजे पाव शेर, मापटं म्हणजे अर्धा, चार शेरांची पायली, हे कोष्टक एका पिढीला शाळेत पाठ होतं आणि त्याआधीच्या पिढ्यांच्या हातात होतं. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८च्या ऑक्टोबरपासून किलो यायला लागला आणि १९६२च्या एप्रिलपर्यंत तो देशभर सक्तीचा झाला. शेर गेला, तोळा सोनाराकडं बोलण्यापुरता उरला. पायली मात्र कायद्यानं गेली, तरी तोंडातून गेली नाही.

आता भाच्याचीही बाजू सांगतो. ती तगडी आहे. मराठीत म्हणच आहे, मापात पाप. वाटी वाटी म्हणता, पण कुठली वाटी? आमच्या घरात एकूण सात प्रकारच्या वाट्या आहेत. नैवेद्याची वेगळी, आमटीची वेगळी, दह्याची वेगळी. बाकीच्या लग्नामुंजीत आलेल्या, देणाऱ्याचं नाव आणि तारीख घातलेल्या. त्यातल्या एका आत्याच्या नावाच्या वाटीत दुसऱ्या आत्याच्या नावाच्या दोन वाट्या मावतात. दोघींच्या स्वभावांचंही प्रमाण साधारण तेच होतं. तेव्हा "एक वाटी भात खाल्ला" या वाक्याला काही अर्थ नाही, हे भाच्याचं म्हणणं मला मान्य आहे.

शिवाय शीग. माप सपाट भरायचं की शिगेचं, यावर गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली. व्यापारी धान्य घेताना शीग लावून घेई आणि विकताना वरून हात फिरवून देई, ही जुन्या शेतकऱ्याची कायमची तक्रार. घरात नेमकं उलटं. वाढणारी बाई पाहुण्याला शीग लावते आणि स्वतःला हात फिरवून घेते. म्हणजे वाटी तीच, पण वाढणारा कोण आणि खाणारा कोण यावर तिच्यात किती मावेल ते ठरतं. शास्त्राला हे चालत नाही.

आणि तेल! इथं तर मी भाच्यापुढं हात जोडतो. भातात किंवा भाकरीत जे पिष्ट असतं त्याच्या एका ग्रॅमला चार कॅलरी, तेलातुपाच्या एका ग्रॅमला नऊ. पाच मिलिलिटरचा चमचाभर तेल म्हणजे साडेचार ग्रॅम, चाळीस कॅलरी. आपल्या फोडणीची पळी असे किती चमचे गिळते ते पळीलाच ठाऊक. तसंच दाण्याच्या कुटाचं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पाचशेच्या वर कॅलरी असतात, आणि मराठी माणूस कुटाला अन्न समजतच नाही, तो त्याला चव समजतो. तेव्हा तेल, तूप, कूट यांच्या बाबतीत डोळा हा साक्षीदार फितूर आहे. तिथं काटाच हवा.

पण काटा कुठं हवा? डब्यापाशी. ताटापाशी नव्हे. माझं सगळं भांडण या एका हातभर अंतराचं आहे.

कारण ताटात काटा नेमकं काय तोलतो, ते बघा. शंभर ग्रॅम कोरडा तांदूळ म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. तो शिजला की अडीच ते तीनपट वजनाचा होतो. हे वरचं वजन कशाचं? पाण्याचं. आणि पाण्यात कॅलरी नाहीत. आमच्या घरी पाहुणे असले की भात मोकळा होतो, कुणाचं पोट बिघडलं की गुरगुट्या होतो आणि मामी मालिका बघत असली की या दोहोंच्या मधला होतो. या तिन्ही भातांचे शंभर शंभर ग्रॅम सारखे कसे? भाचा दीडशे ग्रॅम भात तोलतो तेव्हा त्यात तांदूळ किती आणि कुकरचं पाणी किती, हे काट्याला कळत नाही. तो पाणी तोलतो, अचूक तोलतो आणि त्याला भात म्हणतो. पिठलं, आमटी, कढी यांची तर गोष्टच सोडा.

"मग वाटीसुद्धा पाणीच मोजते," भाचा म्हणाला.

मोजते ना! वाटी चुकतेच. पण ती दशांश चिन्हासकट चुकत नाही. चुकीत नम्रता हवी, ती वाटीत आहे.

आणि भाच्याच्या फोनमधल्या वहीत हा भात कुठल्या नावानं लिहिला जातो? "पांढरा भात, शिजवलेला." मुळशीच्या आंबेमोहराला पांढरा भात! ज्या भातखाचरांसाठी १९२१ साली सेनापती बापटांच्या मागं इथली मावळी माणसं टाटांच्या धरणापुढं सत्याग्रहाला उभी राहिली, आणि जी खाचरं शेवटी पाण्याखाली गेलीच, त्या मातीतून वर उरलेला हा तांदूळ. तो शिजायला लागला की तिसऱ्या घरात कळतं. त्या वहीत वासाचा रकानाच नाही.

बरं, ज्या कॅलरीसाठी हा खटाटोप, तिचा आकडा तरी कुठं सोन्याच्या काट्यावर तोललेला आहे? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये ॲटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञानं अनेक पदार्थ तपासून सरासरी काढली: पिष्टाला चार, प्रथिनाला चार, स्निग्धाला नऊ. मोठं काम, पण सरासरीच, आणि तीही पूर्णांकात बसवलेली. पाकिटावर छापलेल्या आकड्यापेक्षा आतल्या कॅलरी वीस टक्क्यांपर्यंत जास्त निघाल्या तरी अमेरिकेचा कायदा डोळेझाक करतो. म्हणजे एका बाजूला वीस टक्क्यांची सूट आणि दुसऱ्या बाजूला अर्ध्या ग्रॅमची चिंता. ताम्हिणीच्या एस.टी.ची वाट सेकंदकाट्याकडं बघत पाहण्यासारखं आहे हे. घड्याळ बिनचूक असेल हो, गाडीचं काय?

भाच्याचा शेवटचा हुकमी पत्ता असतो, "मामा, शास्त्रज्ञ असंच करतात." म्हणून शास्त्रज्ञ काय करत ते सांगतो. हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिच्यातर्फे १९७२ साली राष्ट्रीय पोषण निरीक्षण विभाग सुरू झाला आणि पुढची चाळीस वर्षं त्याची माणसं महाराष्ट्रासह अनेक राज्यांत घरोघर जाऊन लोक काय खातात ते टिपत होती. त्यांच्याकडं काटा होता. पण त्यांच्याकडं वाट्यांचा एक संचही होता, ठरावीक मापाच्या वाट्या नि चमचे. घरातल्या बाईला विचारायचं, काल शिजवायला काय काय काढलं? त्याचं कोरडं वजन लिहायचं. शिजल्यावर एकूण किती वाट्या झालं? त्यातल्या कुणाला किती वाट्या वाढल्या? मग साधं त्रैराशिक. पातेल्यात अर्धा किलो तांदूळ गेला, त्याच्या वीस वाट्या झाल्या, तुम्ही दोन खाल्ल्यात, म्हणजे पन्नास ग्रॅम तांदूळ तुमच्या पोटात गेला. पाणी आपोआप हिशेबातून बाहेर. काटा कोरड्याला, वाटी शिजलेल्याला. हे माझं म्हणणं नाही, ही देशाच्या पोटाची मोजणी करणाऱ्यांची रीत आहे. मी तिला फक्त आमच्या ओट्यावर बोलावतो आहे.

आणि त्या रीतीतली खरी गोष्ट पुढंच आहे. ते लोक घरातल्या एकेकाचं वेगळं विचारत. कर्त्या पुरुषाचं वेगळं, पोरांचं वेगळं, बाईचं वेगळं. कारण देशात कुणाला किती जास्त मिळतं यापेक्षा कुणाला किती कमी पडतं, हे त्यांना हवं होतं.

भाच्याचा काटा मात्र घरातल्या एकाच ताटाखाली जातो. मागच्या रविवारी त्याचं सगळं तोलून, जेवून, लिहून झाल्यावर मी म्हटलं, "आता मामीचं ताट तोल."

तो उत्साहानं काटा घेऊन आत गेला. आत ताट नव्हतं. मामी ओट्याशी उभी होती. पहिली करपलेली भाकरी, जी ती कधीच कुणाला वाढत नाही, तिचा तुकडा कढईच्या बुडाशी फिरवून भाजीचं उरलंसुरलं गोळा करत होती. भाच्यानं विचारलं, "मामी, तुम्ही किती जेवता?" ती म्हणाली, "असेल ते." असेल ते! एखाद्या दिवशी पाहुणे ऐन वेळी वाढले की 'असेल ते' म्हणजे अर्धी भाकरी आणि लोणचं. एखाद्या दिवशी पाहुणे आलेच नाहीत की 'असेल ते' म्हणजे चार माणसांचा उरलेला भात, उगाच टाकायचा कशाला म्हणून. अर्धपोटी राहणं आणि जाड होणं या दोन्ही गोष्टी एकाच बाईला एकाच आठवड्यात जमतात, आणि डॉक्टर मग तिलाच विचारतात, खाण्यावर लक्ष ठेवत नाही का?

भाच्यानं कढई उचलून काट्यावर ठेवली. लोखंडी होती, सासूबाईंच्या वेळची. काट्यानं दोन रेघा दाखवल्या आणि गप्प बसला.

तेव्हा भांडण पुरे, मी आमच्या घरापुरता वजनमाप कायदा करून टाकला आहे. कलम पहिलं: काटा स्वयंपाकघरात राहील आणि त्यानं फक्त कोरडं धान्य, तेल, तूप नि कूट तोलावं. महिन्याला तेलाचा डबा किती उतरला हे भिंतीवर लिहावं, म्हणजे पळीला लाज वाटेल. कलम दुसरं: सातांपैकी एकच वाटी जेवणाची वाटी म्हणून नेमावी. ती काट्यावर ठेवून शून्य करावी, काठोकाठ पाणी भरावं. जितके ग्रॅम पाणी, तितक्या मिलिलिटरची वाटी. काट्याचा एवढा चांगला उपयोग दुसरा नाही, आणि तो आयुष्यात एकदाच करावा लागतो. कलम तिसरं: ताटापाशी वाटीच. घरच्यांना सपाट, पाहुण्याला पहिल्यांदा शीग, दुसऱ्यांदा त्याला विचारून.

कलम चौथं: सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या माणसाचं ताट सगळ्यांत आधी, त्याच वाटीनं वाढून झाकून ठेवावं. या कलमाला अपवाद नाही, पळवाट नाही आणि बॅटरीही लागत नाही.