ओलिसाबांग कोठे आहे?

साधारण 2010 पासून एक निरोप आपल्या ख्रिस्ती घरांतून फिरत आहे. आरंभी तो ई-मेलने येई, पुढे मोबाइलवरील लघुसंदेशांतून येऊ लागला आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवरून येतो. भारतातील 'ओलिसाबांग' नावाच्या प्रांतात बौद्ध अतिरेक्यांनी काल रात्री वीस चर्च जाळली, आज रात्री आणखी दोनशे जाळण्याचा त्यांचा बेत आहे, चोवीस तासांत दोनशे मिशनऱ्यांचे प्राण घेतले जाणार आहेत, तरी तातडीने प्रार्थना करावी व हा निरोप सर्वांना धाडावा, असा त्याचा आशय असतो. बारामती-इंदापूर भागातील आपल्या कुटुंबांच्या मोबाइलवरही तो आम्ही पाहिला आहे. खरे सांगावयाचे तर आम्हीही तो एकदा पुढे पाठविला होता, आणि पाठविल्यावर काही पुण्य पदरी पडल्यासारखे वाटले होते.

वाचकहो, ओलिसाबांग नावाचा प्रांत भारतात नाही. भूगोलाचा नकाशा उघडला असता तर पाचवीतील मुलालाही हे कळले असते. पण नकाशा कोणी उघडला नाही. ह्या निरोपाचे एक भावंडही आहे. अफगाणिस्तानात बावीस मिशनऱ्यांना उद्या दुपारी फाशी होणार, असे ते सांगते, आणि तो 'उद्या' 2009 पासून उगवलेला नाही. त्याच्या मुळाशी एक खरी घटना असावी. जुलै 2007 मध्ये तालिबानने दक्षिण कोरियातील तेवीस ख्रिस्ती स्वयंसेवकांना ओलीस धरले होते. त्यांतील दोघांना ठार मारण्यात आले व उरलेल्यांची ऑगस्टअखेर सुटका झाली. ज्या दोघांनी खरोखर प्राण दिले, त्यांची नावे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाहीत. न घडलेल्या फाशीसाठी मात्र आपण वर्षानुवर्षे गुडघे टेकीत आलो.

कोणी म्हणेल, प्रार्थनाच केली ना, त्यात कोणाचे काय बिघडले? बिघडले ते असे. आपल्या ह्या दोन तालुक्यांत बौद्ध म्हणजे कोठले दूरचे लोक नव्हेत. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर कित्येक गावांत एकाच भावकीतील एक घर विहारात जाते आणि दुसरे मिस्सेला. लग्नकार्यात, मयतीत, उसाच्या फडात आपण एकत्र असतो. त्या भाऊबंदांना 'बौद्ध अतिरेकी' ठरविणारा निरोप आपण भक्तिभावाने शंभर ठिकाणी पोहोचवितो, आणि तोच निरोप फिरत फिरत शेजारच्या आळीतल्या मोबाइलवर उतरतो, तेव्हा त्या घरातील माणसाने आपल्याविषयी काय समजावे? धर्मांतराच्या अफवांनी आपल्या शाळांवर व धर्मभगिनींवर संशय घेतला जातो, म्हणून आपण कळवळतो. तो कळवळा योग्यच आहे. परंतु अफवेचे हत्यार एकाच बाजूने चालते, असे मानण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नाही.

आता शाळांकडे वळू. कारण ह्या लेखाचे खरे भांडण तेथेच आहे.

गेल्या दहा-बारा वर्षांत 'डिजिटल शाळा' हा शब्द आपल्याकडे मानाचा झाला. लोकवर्गणी जमली, पडदे आले, प्रक्षेपक आले, स्पर्शाने चालणारे फळे आले. अशा एका फळ्याच्या उद्घाटनाला आम्ही उपस्थित होतो. नारळ फुटला, फीत कापली गेली, फादरांनी आशीर्वाद दिला, आणि मग त्या भव्य फळ्यावर हृदयाचे जे चित्र पाठ्यपुस्तकात आहे तेच हलताना दिसू लागले. मुलांनी माना डोलावल्या. पूर्वी खडूच्या फळ्यासमोर डोलावीत, तशाच. ह्या यंत्रावर काय पाहावयाचे ते दुसऱ्याने ठरवावे, आपण ते पाहावे आणि खरे मानावे, असा धडा तो फळा रोज देत असतो. आणि घरी जाऊन मूल मोबाइलसमोर हाच धडा गिरविते. फळा बसवून माध्यमांचे शिक्षण झाले, असे म्हणणे म्हणजे वाचनालयाची इमारत बांधून गाव साक्षर झाले, असे म्हणण्यासारखे आहे.

साधनांना आमचा विरोध नाही. उजनीच्या पलीकडे माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड लावून दाखविले आणि 2020 मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. आम्हाला त्यांचा अभिमान आहे. पण तो कोड मुलाला शिक्षकाने निवडून ठेवलेल्या ठिकाणी नेतो. जेथे कोणी काही निवडून ठेवलेले नाही, तेथे मूल एकटे गेले म्हणजे त्याने काय करावे, हा निराळाच विषय आहे आणि तो वर्गात शिकविला जात नाही.

मूल तेथे एकटे जाते, हे काही आमच्या मनचे नाही. ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालाने 2024 साली 14 ते 16 वर्षांच्या मुलामुलींना विचारले. 82 टक्क्यांहून अधिकांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचे काही केले, असे 57 टक्क्यांनी सांगितले. समाजमाध्यमे पाहिली, असे 76 टक्क्यांनी. ह्या मुलांना गजर लावता येतो का, माहिती शोधता येते का, चित्रफीत सापडते का, हेही तपासले गेले. सापडलेली चित्रफीत खरी की खोटी, हे ओळखता येते का, ही कसोटी त्यात नव्हती. अहवालाला आम्ही दोष देत नाही. जे शिकविलेच जात नाही त्याची परीक्षा कशी घ्यावी?

न शिकविल्याची किंमत आपल्या शेजाऱ्यांनी मोजली आहे. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जण भिक्षेसाठी तेथे उतरले. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, अशी आवई मोबाइलवरून आधीच पसरली होती. जमावाने त्या पाचही जणांना ठेचून मारले. ते मूळचे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे. इंदापूरची वेस ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. जमावातील माणसे काही जन्मजात खुनी नव्हती. आपण आपल्या मुलांचे रक्षण करीत आहोत, असे त्यांना वाटत होते. आपण प्रार्थना करीत आहोत, असे आम्हाला वाटत होते, तसेच. फरक परिणामाचा होता, सवयीचा नव्हता.

त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत पुष्कळांना आठवत असेल. मोटारसायकलवरील दोघे रस्त्यात खेळणाऱ्या एका मुलाला उचलून पळतात. ती मुळात कराचीतील एका संस्थेने बालसुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. मूळ चित्रफितीत ते दोघे मुलाला लगेच परत आणून सोडतात व मूल पळवायला किती अल्प वेळ लागतो हे सांगणारा फलक दाखवितात. कोणीतरी तो शेवटच कापला. बस्स, एवढेच केले. सावधगिरीचा उपदेश होता, त्याची मृत्यूची बातमी झाली.

आमचे म्हणणे असे, की हीच कात्री मुलांच्या हाती वर्गात द्यावी. आठवी-नववीच्या मुलांनी शाळेच्याच आवारात एका मिनिटाची निरुपद्रवी चित्रफीत घ्यावी: समजा, दोन मुले भांडतात आणि मग हसत हस्तांदोलन करतात. मग तिचा शेवट कापावा. कापलेली चित्रफीत शेजारच्या वर्गाला दाखवावी आणि काय झाले ते लिहावयास सांगावे. नंतर पूर्ण दाखवावी. जे पान त्या वर्गाने लिहिले असेल तेच माध्यमशिक्षणाचे पहिले पाठ्यपुस्तक. ह्याला स्पर्शाचा फळा लागत नाही. एक मोबाइल आणि एक जुना संगणक पुरतो.

दुसरा धडा शोधण्याचा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग व सारा मॅकग्रू ह्यांनी 2017 मध्ये पडताळणीचे काम करणारे पत्रकार, इतिहासाचे विद्वान आणि विद्यापीठातील विद्यार्थी ह्यांना एकाच प्रकारची संकेतस्थळे तपासावयास दिली. विद्वान व विद्यार्थी ते पान वरून खाली वाचीत बसले व त्याच्या सजावटीला भुलले. पत्रकारांनी ते पान तसेच सोडले आणि ह्याविषयी इतर काय म्हणतात ते आधी पाहिले. मारुतीच्या पारावरची आपली म्हातारी माणसे सोयरीक ठरविताना हेच करीत: मुलाच्या घरी चहा घेण्याआधी त्याच्या गावात चौकशी. तीच रीत मुलांना संगणकावर शिकवावयाची आहे. छायाचित्र आले तर त्या छायाचित्रावरूनच उलट शोध घेऊन ते प्रथम कधी व कोठे छापले गेले ते पाहावे. बातमी आली तर दुसरीकडे ती आहे काय ते पाहावे.

आणि सर्वच शोध यंत्रावर व्हावा असे नाही. नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन अमुक तारखेला सुटणार, कारखान्याने पहिली उचल अमुक जाहीर केली, उजनीतून पाणी सोडले, असे निरोप इंदापूर-बारामतीच्या घरोघरी येतात आणि त्यांवर शेतकऱ्याचे रुपये अवलंबून असतात. मुलांनी असा एक निरोप निवडावा आणि पाटबंधाऱ्याच्या किंवा कारखान्याच्या शेतकी कार्यालयात जाऊन विचारावे. साहेब भेटणार नाहीत, दोन खेपा पडतील. बातमी मिळवावयाला कष्ट पडतात, हेही तेव्हाच कळेल. बारामतीने तर विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी आणि कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी अशी दोन सामुदायिक आकाशवाणी केंद्रे पाहिली आहेत. ज्या मुलाने स्वतः पाच मिनिटांची बातमी ध्वनिमुद्रित केली, त्यातील एक वाक्य गाळले आणि अर्थ कसा फिरला ते कानांनी ऐकले, ते मूल पुन्हा पूर्वीसारखे ऐकणार नाही.

कानांचेच घ्या. 20 नोव्हेंबर 2024 रोजी विधानसभेचे मतदान होते. आदल्या दिवशी काही ध्वनिफिती पसरल्या. त्यांत बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे ह्यांचा आवाज असून विषय बिटकॉइनच्या पैशाचा आहे, असे सांगण्यात आले. तो आवाज आपला नाही, असे सांगून त्यांनी तक्रार केली. पडताळणी करणाऱ्या पत्रकारांनी त्या फितींतील आवाज संगणकाने घडविलेले असण्याची दाट शक्यता दाखविली. राजकारणाचा निवाडा करणे आमचे काम नाही. पण ज्या आवाजाची भाषणे आपल्या गावांनी वर्षानुवर्षे समोर बसून ऐकली, त्याच्याही बाबतीत एका रात्रीत संभ्रम पडू शकतो, तर अनोळखी आवाजाचे काय? बारामतीच्या उसाच्या फडात 2024 पासून कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग होत आहेत. पाणी केव्हा द्यावे हे ती सांगते. तीच बुद्धिमत्ता आवाज घडविते, चेहरा घडविते, हे फडाशेजारच्या शाळेत सांगणारा तास मात्र वेळापत्रकात नाही.

पोप फ्रान्सिसही ह्यातून सुटले नाहीत. मार्च 2023 मध्ये पांढरा शुभ्र, फुगीर, महागडा दिसणारा कोट घातलेले त्यांचे चित्र जगभर पसरले आणि भल्याभल्यांना ते खरे वाटले. 2024 च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात त्यांनी आपल्यावरही असा प्रसंग आल्याचे नमूद केले. 2018 चा त्यांचा संदेश तर खोट्या बातम्यांवरच होता. आणि ही काही नवी जाणीव नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी संपर्कसाधनांविषयीचा हुकूमनामा काढला, त्यातच कॅथोलिक शाळांतून तरुणांना ह्या साधनांच्या वापराचे शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. साठ वर्षे उलटली. आपण दरवर्षी त्या दिनी मिस्सेत एक विनंती वाचतो आणि शाळेत दुसऱ्या दिवशी पूर्ववत तास घेतो.

आक्षेप येतील. शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम पुरा होत नाही, जनगणना-निवडणुकांची कामे असतात. हे खरे आहे आणि ह्यावर आम्हाला सोपे उत्तर नाही. केरळातील कण्णूर जिल्ह्यात मात्र 2017 मध्ये गोवर-रुबेला लसीविरुद्धच्या अफवांनी पालक बिथरले, तेव्हा जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली ह्यांनी 2018 पासून सुमारे दीडशे सरकारी शाळांत 'सत्यमेव जयते' नावाने असे वर्ग चालविले. शिक्षक तेथेही तेवढेच व्यग्र होते.

पालक म्हणतील, त्यापेक्षा मोबाइलच बंद करा. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगावने 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास दूरदर्शन व मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. स्तुत्य आहे. परंतु भोंगा पुन्हा वाजतो, तेव्हा मोबाइल हातात घेणारे मूल पूर्वीइतकेच भोळे असते. शिवाय ओलिसाबांगचा निरोप आम्हाला कोणा मुलाने पाठविला नव्हता. तो शिक्षक-पालक सभेत मोबाइलबंदीची सूचना मांडणाऱ्या एका प्रौढ गृहस्थांनीच पाठविला होता.

सर्वांत वजनदार आक्षेप एका वयस्कर धर्मभगिनींनी आमच्यापाशी काढला: चित्रफीत कापावयास शिकविलीत तर मुले खोटेपणाच शिकतील. आम्ही ह्यावर बराच विचार केला. काही मुले शिकतील, हे नाकारता येत नाही. पण ती आजही मित्रांकडून शिकतच आहेत, फक्त त्यांच्याजवळ तेव्हा कोणी शिक्षक उभा नसतो. सिस्टरांना हे उत्तर पुरते पटले नाही. वर्गात प्रत्येक कापलेली चित्रफीत तास संपण्यापूर्वी पुसून टाकावी, अशी अट त्यांनी घातली. ती अट आम्हाला मान्य आहे.

शाळांचे वार्षिक अहवाल आमच्याकडे येतात. किती फळे बसविले, किती टॅब आले, ह्यांचे आकडे त्यांत असतात. येत्या जूनपासून कोणत्या वर्गाने कोणता निरोप तपासला, कोठे विचारणा केली आणि काय निघाले, एवढे मुलांच्याच शब्दांत लिहून पाठवावे. फसलेले शोधही चालतील. त्यांसाठी पुढील अंकांत आम्ही दोन पाने राखून ठेवीत आहोत.