न्याहारीची पेज आणि बांधावरची फळे

शेतकीच्या मासिकात न्याहारीचा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. परंतु ज्या अन्नावर नांगऱ्या व रोवणीची बाई दोन प्रहरपर्यंत चिखलात उभी राहते, ते अन्न बी व खत यांइतकेच शेतीचे अंग होय, असे आमचे मत आहे.

आमच्या बपेऱ्याकडे, म्हणजे तुमसर तालुक्याच्या मध्यप्रदेशास लागलेल्या कडेस, धान हेच मुख्य पीक. त्या धानाची कणी पाण्यात शिजवून केलेली पेज ही पूर्वी सकाळचे सहज अन्न असे. आता तिची जागा साखरेच्या चहाने व पुड्यातील बिस्किटाने घेतली आहे. जमीनवाल्या घरांत तर पेज म्हणजे आजाऱ्याचे किंवा गरिबाचे खाणे, अशी समजूत होऊन बसली आहे. गंमत अशी की, शहरातील सुशिक्षित लोक ओट नावाचे थंड देशाचे धान्य डबाबंद विकत घेतात, ते मऊ शिजवितात, वर आंबटगोड फळे घालतात आणि त्यास आरोग्याचा आहार म्हणतात. धान्य पाण्यात शिजविणे व त्यावर ताजे फळ घालणे, याहून त्यात निराळे काय आहे? तेच आमच्या घरी फुकट पडले असता आम्ही लाजतो.

पेज करावयाची ती अशी. एक वाटी कणी किंवा जाडेभरडे तांदूळ निवडून, धुऊन, अर्धा तास भिजत ठेवावे. सात-आठ वाट्या पाणी गंजात उकळू लागले म्हणजे ते त्यात सोडावे व मंद आचेवर ढवळीत राहावे. दाणा फुटून पाणी दाटसर झाले की चवीपुरते मीठ घालून उतरावे. फळ शिजवू नये. पेज कोमट झाल्यावरच वरून घालावे, कारण फळांतील क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते. आंबट फळाबरोबर दूध घातल्यास ते फाटते. सैल करावयाची असल्यास ताक घ्यावे.

तांदूळ मात्र फार सडलेला नसावा. जावा बेटात आइकमन या डच वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे पाहिले की, पांढरा सडीक तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात व कोंड्यासह तांदूळ दिला असता बऱ्या होतात. या शोधाबद्दल त्यास 1929 साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आमच्या घरच्या ढेकी गेल्या. आता गिरणीवर धान नेताना चकचकीत तांदळाचा आग्रह धरणारे आम्हीच असतो. घरच्या खाण्यापुरते दोन पोती धान कमी सडून आणण्यास गिरणीवाल्याची हरकत नसते, सांगावे मात्र लागते.

कोणी कोदोची पेज करतात, तीही उत्तम. परंतु कापणीच्या वेळी पाऊस लागून दमटलेल्या कोदोवर बुरशी धरते व तिच्यापासून सायक्लोपियाझोनिक आम्ल नावाचे विष तयार होते. 2024 च्या ऑक्टोबरअखेर बांधवगडच्या जंगलात दहा हत्ती मेले, त्यांच्या आतड्यांत हेच विष सापडले. हत्तीस जे झेपले नाही, ते मुलांस कसे झेपेल? भिजलेला किंवा कुबट वासाचा कोदो घरात घेऊच नये.

फळांविषयी बोलावयाचे तर पौष-माघात बोरे, चैत्र-वैशाखात चार व ज्येष्ठ-आषाढात जांभळे, असा क्रम आपोआप लागलेला आहे. चाराचा गर पातळ असतो. तो चाळणीवर चोळून काढावा व बिया धुऊन वाळवाव्या, त्यांचीच चारोळी होते. जांभूळ तर नेमके पऱ्हे टाकण्याच्या धांदलीत पिकते, जेव्हा घरची बाई चुलीपाशी थांबू शकत नाही. अशा वेळी रात्री शिजविलेल्या पेजेत सकाळी गर कालविला की काम झाले. मधुमेह असलेल्यांनी मात्र जांभळाच्या भरवशावर पेज पोटभर पिऊ नये. मऊ शिजलेल्या तांदळाने रक्तातील साखर लवकर चढते.

महसुली दप्तरात आयुष्य घालविल्यामुळे आम्हांस एक गोष्ट ठाऊक आहे. पीकपाहणीत धान नोंदविले जाते. बांधावरचे जांभूळ किंवा बोर सहसा कोणी विचारीत नाही, म्हणून मालकही त्याची किंमत धरीत नाही व सावलीच्या नावाने ते तोडून टाकतो. सावलीने धान मार खातो, हे खरेच. परंतु तलावाची वाट, खळ्याची कड, विहिरीजवळची पडीत जागा अशा ठिकाणी झाड लावण्यास कोणती अडचण? शंभर बांध्यांच्या मालकाच्या मुलाने बोरासाठी बाजारात पैसे मोजावे, हे आम्हांस लांछनास्पद वाटते.

लावणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की, जांभळाचे बी वाळवून पुढच्या वर्षासाठी ठेवता येत नाही; थोड्याच दिवसांत त्याची उगवण जाते. पिकलेले फळ खाऊन झाल्याबरोबर बी धुऊन, पाऊस पडलेल्या ओल्या मातीत लागलीच पुरावे.